मानसोपचार परिचारिकांविषयीचे रूढ समज

मनोरुग्णालयात किंवा सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करणाऱ्या परिचारिकांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याबद्दल समाजात रुजलेले ग्रह. ‘वेड्यांत राहून त्याही तशाच होतात’ हा त्यांतला सर्वांत चिवट समज. वॉर्डात ज्यांना ‘ब्रदर’ म्हणतात ते पुरुष परिचारकही त्यातून सुटत नाहीत.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण संगतीबद्दलची. मनोविकाराच्या बाबतीत मात्र ती अनेकजण शब्दशः खरी धरतात. येरवडा आणि ठाणे ही मनोरुग्णालयांची गावे मराठीत टोमण्यांत गेली आहेत; ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणणाऱ्याला आपण कोणाचा अपमान करतो याचा विचारही शिवत नाही. तो टोमणा रोज तिथे ड्युटीला जाणाऱ्या सिस्टरलाही चिकटतो. एकाचा कलंक त्याच्या निकटच्यांवरही पसरतो, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये मांडले. मनोरुग्णाशी एकनिष्ठ राहणारा जोडीदार हे त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक. परिचारिकेचे नाते तर पगाराचे, तरीही डाग तोच.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या समजाला आधार नाही. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) किंवा उन्माद सहवासाने लागत नाही. एकाचा भ्रम दुसऱ्याने उचलल्याची उदाहरणे आहेत. लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्ये त्यांचे वर्णन केले. पण ती विरळा, आणि बहुधा जगापासून तुटून एकाच घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या जिवलगांमधली. कामाची पाळी संपली की घरी जाणारी, सहकाऱ्यांत वावरणारी परिचारिका त्या चौकटीत बसत नाही.

या ग्रहाला पडद्यावरचे सर्वांत ठसठशीत रूप दिले ते ‘खामोशी’ (१९६९) या हिंदी चित्रपटाने. त्याआधी हीच कथा बंगालीत ‘दीप ज्वेले जाइ’ (१९५९) म्हणून आली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नर्स राधा रुग्णांना प्रेमाच्या बळावर बरे करते आणि शेवटी स्वतःच रुग्ण होते. वहिदा रहमान यांचा अभिनय विसरता येत नाही, म्हणूनच तो शेवटही डोक्यातून जात नाही. खरे तर तिथे दोष आहे तो परिचारिकेला औषधासारखे वापरणाऱ्या डॉक्टरांचा. लक्षात मात्र ‘नर्सला वेड लागले’ एवढेच राहते. प्रत्यक्ष परिचर्येत असे प्रेमाचे नाटक निषिद्ध आहे. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा गाभा मानला, पण ते नाते व्यावसायिक आणि रुग्णाच्या गरजेपुरते. जवळीक किती ठेवायची आणि कुठे थांबायचे, हे या शाखेत शिकवावे लागते.

याच्या अगदी उलट समजही तितकाच प्रचलित आहे : या बायकांचे काळीज दगडाचे असते, त्यांना काही होत नाही. हा स्तुतीचा वेश घेऊन येतो, म्हणून अधिक घातक. मारहाण, शिवीगाळ, रुग्णाची आत्महत्या, अपुऱ्या मनुष्यबळात काढलेली नाईट ड्युटी यांचा ताण खरा असतो. त्यातून झोप उडणे, चिडचिड, कामातून मन उठणे, कधी नैराश्यही येते. हा कामाचा परिणाम आहे, रुग्णाचा ‘गुण’ लागणे नव्हे. पण मदत मागावी तर पहिला समज खरा ठरतो, न मागावी तर दुसरा. शिवाय सल्ला घ्यायचा तो बहुधा ज्यांच्याबरोबर रोज राउंड घ्यायचा त्याच डॉक्टरांकडे. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते.

पूर्वी मनोविकार होऊन गेला म्हणून कोणी या शाखेकडे वळते, असेही बोलले जाते. काहींच्या बाबतीत ते खरे असेल, आणि त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. बऱ्या झालेल्या माणसाला ते काम करता येत नाही असे मानणे हाच पुन्हा पूर्वग्रह. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्यास सांगतो. याच कायद्याने ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ हे पद व्याख्येत आणले आणि त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपवली.