लॅरोट्रेक्टिनिब : बालकर्करोगांवरील चाचणी

नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बालकर्करोगांवर लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आजमावणारी चाचणी. ‘स्काउट’ या नावाने ती डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली.

हे औषध कर्करोग कोणत्या अवयवात आहे ते पाहत नाही, एकच बिघाड शोधते. तान्ह्या मुलांच्या हातापायांत वाढणाऱ्या इन्फंटाइल फायब्रोसार्कोमात तो स्पष्ट दिसतो. या गाठीत १२व्या गुणसूत्रावरचे ईटीव्ही६ आणि १५व्यावरचे एनटीआरके३ ही जनुके तुटून एकमेकांना चिकटतात, हे १९९८ मध्ये कळले. एनटीआरके३ वरून बनणारे मूळ टीआरके प्रथिन चेतापेशींच्या वाढीला लागते आणि बाहेरून संकेत आल्यावरच जागे होते. जोड लागलेले प्रथिन मात्र कायम चालूच राहते. ते ऊर्जा घेते त्या खाचेत औषध जाऊन बसते आणि त्याचे काम थांबते. किमोने गाठ हटली नाही, तर अशा बाळाचा हात किंवा पाय कापावा लागण्याची वेळ येई.

पहिल्या टप्प्यात एक महिन्याच्या बाळापासून २१ वर्षांपर्यंतचे २४ रुग्ण होते. तान्ह्यांना कॅप्सूल गिळता येत नाही, म्हणून पातळ औषधही तयार केले होते. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरली : दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, एका वेळी १०० मिलिग्रॅमहून अधिक नाही. जनुकजोड असलेल्या आणि परिणाम मोजता आलेल्या १५ जणांपैकी १४ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. जोड नसलेल्या सात जणांपैकी एकाचीही आक्रसली नाही. पुरावा म्हणून हे सात जण त्या चौदांइतकेच मोलाचे, कारण तुलनेसाठी वेगळा गट चाचणीत नव्हता. इतक्या दुर्मीळ आजारात तो जमवणेही कठीण. काही मुलांच्या गाठी लहान झाल्यावर अवयव राखून शस्त्रक्रिया करता आली.

प्रौढांच्या चाचण्यांची माहितीही जमेस धरून अमेरिकेच्या औषध नियामकाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मुले आणि प्रौढ दोघांसाठी परवानगी दिली, तीही गाठीच्या जागेची अट न घालता. जनुकजोड आहे की नाही, ही तपासणी मात्र आधी करावीच लागते.

काही रुग्णांत पुढे प्रथिनातल्या त्या खाचेचाच आकार बदलतो आणि औषध तिथे बसेनासे होते. अशा गाठींसाठी सेलिट्रेक्टिनिब हे पुढचे औषध बेतले गेले. ते सर्वांत आधी घेतलेल्या दोन रुग्णांपैकी एक लहान मूल होते.