निकेलवरचा कार्बन आणि वायूतला कार्बन

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये (उच्च तापमानाला इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या सिरॅमिकच्या सेलमध्ये) थेट ब्युटेन सोडला, व्होल्टेज घसरलं आणि आत कार्बनचा काळा थर सापडला, की सगळं खापर निकेलवर फुटतं. निकेल पुष्कळदा दोषी असतंही. पण हा कार्बन दोन निराळ्या वाटांनी येतो, आणि वाट न ओळखता केलेला उपाय वाया जातो.

पहिली वाट निकेलची. नेहमीचा ॲनोड, म्हणजे सेलचा इंधनाकडचा विद्युतध्रुव, निकेल आणि यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया (एक सिरॅमिक) यांचा असतो. इंधनाचा रेणू निकेलला चिकटतो, त्याचे हायड्रोजन सुटतात आणि उरलेला कार्बन चक्क धातूत विरघळतो. कणाच्या एका बाजूने आत शिरलेला हा कार्बन दुसऱ्या बाजूने तंतू होऊन बाहेर येतो. तंतू वाढला की निकेलचा कण जागेवरून उखडतो आणि तंतूच्या टोकावर जाऊन बसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे स्पष्ट दिसतं. ॲनोड आतून पोखरला जातो तो असा.

दुसऱ्या वाटेला धातू लागतच नाही. नुसत्या उष्णतेने कार्बन-कार्बन बंध तुटतात, फ्री रॅडिकल्सची (रेणूंच्या तुटक्या, अतिक्रियाशील तुकड्यांची) साखळी सुरू होते. ब्युटेनपासून इथिलीन-प्रोपिलीन, त्यांच्यापासून बेंझिनसारखी वलयं, वलयांपासून डांबर आणि काजळी. ब्युटेनच्या बाबतीत ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास हे जाणवू लागतं. मिथेन जास्त चिवट: त्याचा पहिला बंध तोडायलाच सुमारे ४३९ किलोज्यूल प्रति मोल लागतात. हा कार्बन ॲनोड गाठण्याआधी गरम नळीतही बसतो.

म्हणून उपायही वेगळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गोर्टे आणि व्होस यांच्या गटाने २००० साली निकेलऐवजी तांबं आणि सेरिया (सेरियमचा ऑक्साइड) वापरून ब्युटेनवर सेल चालवून दाखवला. मोलाचं काम, पण त्याने पहिलीच वाट बंद होते. वाफेचंही तसंच: निकेलवर ती कार्बन उचलून नेते, उत्प्रेरकाविना मात्र फार मंद चालते. तापमान उतरवलं तर वायूतलं विघटन मंदावतं खरं, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असेल तर साधारण ७०० अंशांखाली त्याचंच निकेलवर कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होऊ लागतं.

निदानासाठी रिकामी क्वार्ट्झची नळी पुरते. तेच तापमान, तोच वायू, गरम भागात तेवढाच वेळ. नळी स्वच्छ आणि ॲनोड काळा, तर संशय निकेलवर. नळीच काळवंडली, तर ॲनोडचा धातू बदलण्यात अर्थ नाही. वायूचा गरम भागातला वेळ कमी करा, किंवा इंधन आधी ५०० अंशांच्या आसपास वाफेबरोबर रिफॉर्म करून, म्हणजे वाफेशी अभिक्रिया घडवून, मिथेनयुक्त वायू आत पाठवा.