गळका पाइप आणि नवा पोटमाळा: भाड्याच्या घरातील दुरुस्ती व फेरफार

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीत एकाच मजल्यावर शेजारी राहणारे दोन भाडेकरू आहेत, असे समजू. पहिल्याच्या मोरीतला बिडाचा पाइप कुजला आणि खालच्या बिऱ्हाडात पाणी झिरपू लागले; त्याने प्लंबर बोलावून पाइप बदलला, फोडलेल्या भिंतीला गिलावा केला आणि मोरीच्या लाद्या पुन्हा बसवून घेतल्या. दुसऱ्याची मुले मोठी झाली, खोली अपुरी पडू लागली. त्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींत लोखंडी तुळया बसवून पोटमाळा घातला, वर काँक्रीट टाकले आणि चढायला सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. घरमालकाला दोघांनीही विचारले नाही, पैसे दोघांनीही पदरचे घातले, आणि शेजारपाजारच्यांच्या मते दोघांनीही ‘घर सुधारले’. कायद्याच्या नजरेत मात्र पहिल्याने बहुधा घरमालकाचेच काम केले आहे, तर दुसऱ्याने स्वतःच्या बेदखलीचे कारण सिमेंटमध्ये पक्के करून ठेवले आहे.

घोटाळा होतो तो ‘सुधारणा’ या शब्दामुळे. आपण केलेल्या कामाने घराची किंमत वाढली, मालकाचा फायदाच झाला, मग तो हरकत कशी घेईल, असा युक्तिवाद भाडेकरू मनापासून करतात, आणि माणुसकीच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. परंतु काम चांगले झाले की वाईट, हा येथे मुख्य प्रश्नच नसतो. ते काम मुळात कोणाचे कर्तव्य होते, आणि घर सोडताना ते मोडतोड न करता काढता येईल का, असे दोन प्रश्न विचारले जातात. दुरुस्ती म्हणजे जे होते ते पुन्हा चालते करणे. फेरफार म्हणजे जे नव्हते ते आणणे. मालकाची परवानगी कुठे लागते, हे बरेचसे या एका फरकावर ठरते.

महाराष्ट्रात हे नाते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने बांधलेले आहे. ३१ मार्च २००० रोजी तो अमलात आला आणि मुंबईपुरते बोलायचे तर त्याने १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोग्या सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मात्र भाडेकरूने करारात याउलट काही मान्य केलेले असेल तर तसे नाही, आणि हे पोटवाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते. करारपत्रात ‘अंतर्गत दुरुस्त्या भाडेकरूने स्वखर्चाने कराव्यात’ अशी एक ओळ असली, तर पुढचा सगळा हक्क तिथेच अडतो.

तशी ओळ नसेल तर मार्ग सरळ आहे. भाडेकरूने मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा अन्य मार्गाने वसूल करायचा. येथे संमती लागत नाही. लागते ती सूचना. या दोहोंची गल्लत फार होते. मालकाने ‘नाही’ म्हटले म्हणून कुजका पाइप तसाच ठेवण्याचे बंधन भाडेकरूवर नाही, परंतु मालकाला संधीच न देता काम उरकून त्याच्या हातात बिल ठेवण्याचा अधिकारही त्याला नाही. आपल्या उदाहरणातील पहिला भाडेकरू नेमका येथे कच्चा पडतो. त्याचे काम दुरुस्तीचे होते, त्यामुळे त्याची जागा धोक्यात नाही. परंतु नोटीस दिली नसल्याने तो खर्च मागायला गेला, तर मालक हात वर करू शकतो.

खर्चाच्या हिशेबाबाबत कायदा भाडेकरूच्या बाजूने अनपेक्षितपणे उदार आहे. भाडेकरूने ठेवलेले हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. म्हणून वहीच्या फाटक्या पानावर ‘सामान + मजुरी’ असे लिहून घेण्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून पक्के बिल घ्यावे, मिस्त्रीकडून तारखेसह सही घ्यावी आणि फुटलेल्या पाइपाचे छायाचित्र काम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावे. पाइप भिंतीआड गेला आणि वर लाद्या बसल्या की तो आधी कुजलेला होता, हे दाखवायला काहीही उरत नाही.

या उदारतेला एक मर्यादाही आहे: कोणत्याही एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. दरमहा २,४०० रुपये भाडे असेल, तर वर्षाचे २८,८०० आणि त्याचा चौथा हिस्सा ७,२००. इथपर्यंत ठीक आहे. परंतु पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्याने घेतलेल्या, खोलीचे भाडे महिना ३०० रुपये असेल, तर वर्षाला फक्त ९०० रुपये कापता येतात, आणि ९०० रुपयांत आज मुंबईत मिस्त्री दिवसभरासाठी दारात उभाही राहणार नाही. ज्यांची घरे सर्वांत जुनी आणि दुरुस्तीची गरज सर्वांत मोठी, त्यांच्यासाठीच हे कलम सर्वांत तोकडे पडते. माझ्या मते या तरतुदीतला हा खरा दोष आहे. मर्यादेबाहेर किंवा नोटिशीशिवाय भाडे कापले, तर ती थकबाकी ठरण्याचा धोका असतो. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाला लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आता दुसऱ्या भाडेकरूकडे, म्हणजे पोटमाळ्याकडे वळू. मालकाला जागेचा ताबा परत मिळवण्याची जी कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत, त्यांतील पहिली दोन थेट या विषयाची आहेत. पहिल्या कारणाचा आधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मधील एक जुना नियम आहे: भाडेकरूने जागा शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू वापरावी तशी वापरावी, इमारतीची मोडतोड करू नये आणि तिला कायमची इजा पोहोचेल असे काही करू नये. दुसरे कारण असे, की मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने जागेत कायमस्वरूपी बांधकाम उभारले. ‘लेखी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जिन्यात भेटल्यावर ‘करून टाका हो, माझी काय ना आहे’ असे म्हणणारे मालक पुष्कळ असतात. पुढे जागा त्यांच्या मुलांच्या नावावर होते आणि मुलांना ते जिन्यातले बोलणे ठाऊक नसते.

परंतु भाड्याच्या घरात केलेला प्रत्येक बदल म्हणजे कायमस्वरूपी बांधकाम नव्हे, हे खुद्द कायद्यानेच सांगितले आहे, आणि हा भाग भाडेकरूंनी व मालकांनी सारख्याच काळजीने वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या कारणाखालील स्पष्टीकरणानुसार लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील उभ्याचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवा खेळण्यासाठी आवश्यक असलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, एक्झॉस्टची वाट आणि धुराडे ही कामे, जिथे लागेल तिथे महानगरपालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर कायमस्वरूपी बांधकामात मोडत नाहीत. पहिल्या कारणाखाली आणखी एक स्पष्टीकरण आहे: लाद्या बदलणे किंवा बाल्कनी बंद करणे म्हणजे इमारतीचे नुकसान नव्हे. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक ओट्यावर आला, मग डोक्यावर चिमणी आली आणि खिडकीत एसी बसला. शहरातल्या संसाराची ही वाटचाल या यादीतून नीट वाचता येते.

पोटमाळा मात्र या यादीत नाही. बाल्कनीबाबतही थोडे थांबून पाहावे लागते, कारण तिची सूट पहिल्या कारणापुरती, म्हणजे ‘नुकसान’ या आरोपापुरती दिलेली आहे. दुसऱ्या कारणाखालच्या यादीत बाल्कनीचा उल्लेख नाही. सरकत्या काचा लावून बाल्कनी बंद करणे आणि कठडा पाडून तिथे विटांची भिंत चढवणे यांत अंतर आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाला ‘बाल्कनी बंद करायला कायद्याने मुभा आहे’ एवढ्या एका वाक्यावर विसंबून हात घालू नये.

यादीबाहेरचे काम कायमस्वरूपी आहे की नाही, हे न्यायालय प्रत्येक खटल्यातील वस्तुस्थितीवरून ठरवते. बांधकाम कशाचे आहे, किती मोठे आहे, कशासाठी केले, करणाऱ्याचा हेतू काय होता आणि ते काढताना मूळ इमारतीला इजा होईल का, अशा गोष्टी पाहिल्या जातात. कायमस्वरूपी म्हणजे चिरंतन टिकणारे, असा अर्थ होत नाही आणि एकच साचा सगळ्या प्रकरणांना लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी १९८७ साली उत्तर प्रदेशातील छावणी भागाच्या भाडे कायद्याखालील खटल्यात, पाया न खणता उभारलेली आणि छताला न टेकलेली सहा फुटी भिंत हा ‘महत्त्वाचा फेरफार’ नव्हे, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला होता. कायद्याचे शब्द वेगळे होते, तरी विचाराची दिशा उपयोगी आहे: भिंत विटांची आहे एवढ्यावरून निकाल लागत नाही, ती इमारतीत किती रुतली आहे हे पाहावे लागते. या कसोटीवर लाकडी फळ्यांचा, नटबोल्टने जोडलेला, चार तासांत उतरवता येणारा माळा आणि आपल्या दुसऱ्या भाडेकरूचा काँक्रीटचा पोटमाळा एका तागडीत बसत नाहीत. त्याने तुळयांसाठी भिंतीत खाचा पाडल्या आहेत. त्या भिंतीच्या पलीकडे दुसऱ्याचे बिऱ्हाड आहे, आणि चाळ जुनी असेल तर त्या भिंतीवर वरच्या मजल्याचा भारही आहे.

परवानगीचा विषय निघाला की आणखी एक गल्लत पुढे येते. महानगरपालिका, गृहनिर्माण संस्था आणि घरमालक ही तीन वेगवेगळी दारे आहेत, आणि एका दारातून मिळालेला होकार दुसऱ्या दारात चालत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये गिलावा, रंग, लाद्या बदलणे, नळ व सांडपाण्याचे पाइप दुरुस्त करणे अशी कामे किरकोळ दुरुस्त्यांत धरली आहेत आणि त्यांसाठी पालिकेला एरवीची आगाऊ नोटीस द्यावी लागत नाही. परंतु पालिकेला हरकत नाही म्हणजे मालकालाही नाही, असे होत नाही. उलट बाजूने, मालकाने सही केली म्हणून बेकायदा बांधकाम पालिकेपुढे कायदेशीर होत नाही. संस्थेच्या इमारतीत सभासद मालक असतो, भाडेकरू नव्हे; त्यामुळे फेरफारासाठी संस्थेच्या समितीकडे अर्जही मालकाच्याच सहीने जायला हवा.

आतापर्यंतचे विवेचन भाडेकरूंचे, म्हणजे पागडीचे किंवा जुन्या कराराचे झाले. पुण्या-मुंबईत आज भाड्याने घर घेणारे बहुसंख्य लोक मात्र कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीवर, राहणारे लायसेन्सी (परवानाधारक) असतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसेन्सींना जुन्या कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला होता. त्यानंतरच्यांना तो आपोआप मिळत नाही. म्हणून ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने कलम १४ आपल्या पाठीशी आहे असे धरून गीझरच्या दुरुस्तीचा खर्च परस्पर भाड्यातून कापू नये. त्याचे हक्क त्याच्या नोंदणीकृत करारात असतात, आणि त्या करारात ‘कोणताही फेरफार करणार नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा छापलेलेच असते. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे करारातील लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

लायसेन्सींमध्ये एक गैरसमज मी वकिली भाषेत सांगितलेलाही ऐकला आहे: जागेत पक्के काम केले की लायसन्स रद्द करता येत नाही. याचे मूळ सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० मध्ये आहे. तेथे खरोखरच असे म्हटले आहे की लायसेन्सीने ‘लायसन्सनुसार वागून’ कायम स्वरूपाचे काम केले आणि त्यासाठी खर्च केला, तर लायसन्स मागे घेता येत नाही. सगळा भार ‘लायसन्सनुसार’ या शब्दावर आहे. ज्या करारात फेरफाराला मनाई आहे, त्याच्याविरुद्ध जाऊन उभारलेले स्वयंपाकघर हे लायसन्सनुसार केलेले काम नव्हे. ते कराराचा भंग आहे, आणि त्याची किंमत प्रथम अनामत रकमेतून वळती होते.

स्वतःच्या पैशाने बसवलेल्या वस्तूंचे पुढे काय, हा शेवटचा व्यावहारिक प्रश्न. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार भाडेकरूला त्याने जडवलेल्या वस्तू काढून नेता येतात; अट अशी की जागा मिळाली तशी परत करावी, आणि वस्तू काढायच्या त्या ताबा हातात असेपर्यंतच, नंतर नव्हे. एसी काढला तर त्याच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेले भोक सिमेंटने बुजवून त्यावर रंगाचा हात फिरवावा, पंख्यासाठी ओढलेली वायर उघडी लोंबकळत ठेवू नये. आणि ही सर्व कामे किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी उरकावीत. कारण किल्ली मालकाच्या हातात पडल्यानंतर ‘माझी चिमणी राहिली’ म्हणून परत आलेल्या माणसाला दार उघडण्याचे बंधन या कलमाने मालकावर घातलेले नाही.