जठरातला पंप आणि सकाळची गोळी

मुंबईत स्थानकाबाहेरच्या कोणत्याही औषधांच्या दुकानात 'अ‍ॅसिडिटीची गोळी' मागितली, की बहुतेक वेळा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची पट्टी हाती पडते. ही गोळी पोटातले आम्ल मारते, असा सर्वसाधारण समज आहे. म्हणूनच वडापाव खाल्ल्यावर छातीत जळजळू लागले की लोक ती घेतात आणि अर्ध्या तासात आराम पडला नाही की दुसरी घेतात. वस्तुतः जठरात आधीच जमलेले आम्ल ही गोळी मुळीच शमवत नाही. ते काम चघळायच्या किंवा प्यायच्या अँटासिडचे. ही गोळी आम्ल बाहेर टाकणारे यंत्रच अडवून धरते. ते यंत्र म्हणजे एटीपीएज गटातले एक विकर (एन्झाइम) होय.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतला शेवटचा फॉस्फेट तोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर काम करणाऱ्या विकरांना एटीपीएज म्हणतात. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंत असे एक विकर शोधले, जे दर एटीपीमागे तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. त्यासाठी त्यांना 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. जठरातला पंप याच विकराचा जवळचा नातलग आहे, फक्त तो सोडियमऐवजी हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, बाहेर ढकलतो.

त्याच्यापुढचे काम किती अवघड आहे, हे आकड्यांतून स्पष्ट होते. पेशीच्या आतला पीएच (जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे 7.2, तर आम्ल जिथे स्रवते तिथला 1 च्या आसपास. म्हणजे बाहेर प्रोटॉनची दाटी आतल्यापेक्षा दहा लाख पटींहून अधिक आहे. एवढ्या दाटीत एक मोल (कणांची एक ठरावीक संख्या) प्रोटॉन ढकलायला सुमारे 37 किलोज्यूल ऊर्जा लागते आणि बदल्यात पोटॅशियम आत ओढण्याचा थोडा खर्च वेगळा. पेशीत एक मोल एटीपीकडून साधारण 50 ते 60 किलोज्यूल मिळतात. यातून हिशेब उघड होतो: एका एटीपीत एकच प्रोटॉन परवडतो, दोन कदापि नाहीत.

या पंपाची मुख्य साखळी सुमारे एक हजार अमिनो आम्लांची असून ती पेशीपटलातून दहा वेळा आरपार जाते. पेशीच्या आतल्या बाजूला तिचे तीन गोळे लोंबतात: एक एटीपी धरतो, दुसऱ्यात फॉस्फेट स्वीकारणारे अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल असते आणि तिसरा फिरतो. जुन्या इमारतींतल्या लिफ्टची जाळीची दारे ओढून घेतल्याशिवाय ती जशी हलत नाही, तसे इथे एका बाजूचे दार पूर्ण मिटल्याशिवाय दुसऱ्या बाजूचे उघडत नाही. दोन्ही एकदम उघडली असती तर बाहेरचे आम्ल पेशीतच घुसले असते. आधी आतल्या बाजूने प्रोटॉन येऊन पटलाच्या मधोमध असलेल्या ग्लुटामेट या अमिनो आम्लाला चिकटतो. मग एटीपीचा फॉस्फेट अ‍ॅस्पार्टेटवर बसतो, आतले दार मिटते, तिसरा गोळा सुमारे 90 अंशांत वळतो, त्याच्याशी जोडलेले साखळीचे पटलातले भाग ओढले जातात आणि बाहेरचे दार उघडते.

परंतु बाहेर आधीच प्रचंड आम्लता असताना ग्लुटामेट आपला प्रोटॉन सोडतो तरी कसा? जपानी संशोधकांनी 2018 साली या पंपाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा याचे उत्तर हाती आले. बाहेरचे दार उघडलेल्या अवस्थेत लायसीन या अमिनो आम्लाचा धन भार ग्लुटामेटला अगदी खेटून बसतो, आणि धन भाराच्या प्रोटॉनला तिथे राहणे अशक्य होते. त्यानंतर बाहेरून पोटॅशियम येतो, बाहेरचे दार मिटते, पाण्याचा रेणू फॉस्फेट तोडतो आणि पोटॅशियम आत सुटतो. पंपाला जोडलेली दुसरी, छोटी साखळी या चक्राला मध्येच उलटे फिरू देत नाही. इतकी नेटकी रचना मला दुसऱ्या फार थोड्या विकरांत आढळते.

हे समजल्यावर मुंबईतल्या जिममध्ये आणि मॉलमध्ये महागड्या दराने विकल्या जाणाऱ्या 'अल्कलाइन' पाण्याचा दावा तपासता येतो. पीएच 9.5 च्या एक लिटर पाण्यातला हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल शमवणारा घटक, पीएच 1.5 चा अवघा एक मिलिलिटर जठररस शमवायला पुरतो. पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे यात काही भर पडते खरी, पण जठर दिवसाला दीड ते दोन लिटर रस स्रवते. रक्ताचा पीएच तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे 7.4 च्या आसपास राखतात. तो अशा पाण्याने वाढून रोग बरे होतात, ही निव्वळ दिशाभूल आहे.

आता गोळीकडे वळू. तिचे आवरण जठरात विरघळत नाही. औषध लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. तिथल्या आम्लात ते प्रोटॉन घेऊन अडकते, रक्तातल्यापेक्षा सुमारे हजारपट साठते, त्याच आम्लामुळे त्याचे क्रियाशील रूप तयार होते आणि ते पंपाच्या बाहेरील बाजूच्या सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाशी पक्का बंध जोडते. म्हणून रक्तातले औषध काही तासांत ओसरले, तरी परिणाम दिवसभर टिकतो. पेशीने नवे पंप बनवले की मगच आम्ल पूर्ववत होते.

मात्र हे सारे चालू असलेल्या पंपांपुरतेच घडते. उपाशीपोटी बहुतेक पंप पेशीतल्या छोट्या पिशव्यांत निष्क्रिय पडून असतात आणि जेवणाच्या चाहुलीने हिस्टामिनसारखे संदेश आले की पृष्ठभागावर येतात. गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला सांगतात ती यासाठीच. पहिल्या दिवशी सगळे पंप सापडत नाहीत, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात आणि जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या दुसऱ्या गोळीने त्या वेळी काहीही साधत नाही. व्होनोप्राझान हे नवे औषध पंपातली पोटॅशियमची जागाच अडवते. त्याला आम्लाकडून क्रियाशील व्हावे लागत नाही, त्यामुळे जेवणाच्या वेळेचे बंधनही त्याला नाही.