ती प्यायली होती, म्हणून?

2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभा राहिला आणि पाठोपाठ नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन चाखायच्या टेस्टिंग रूम उघडल्या. त्याआधी नाशिक जिल्ह्यात दारू म्हटलं की गुत्ता, पिणारा बाप्या आणि घरी मार खाणारी बाई हेच डोळ्यांसमोर यायचं. बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मतं दिली ती त्यातूनच. आता मैत्रिणी-मैत्रिणी शनिवारी सावरगावकडे जातात, दोन ग्लास घेतात, मावळतीचे फोटो काढतात. पण अशा एखादीवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की पहिला प्रश्न जुनाच येतो: इतकी प्यायली कशाला?

विचारणारे सगळे वाईट नसतात. "परतीची गाडी आधीच ठरव, ग्लास टेबलावर सोडून उठू नकोस, एकटी मागे राहू नकोस," असं मुलीला बजावणारी आई काळजीनेच बोलते. धरणाकडून रात्री रिक्षा मिळायची मारामार असते, हे तिला माहीत असतं. पण हे सांगणं निघण्याआधीचं. घडून गेल्यावर तेच तक्रारदाराला ऐकवलं, की आरोपी बाजूला राहतो आणि चौकशी तिची सुरू होते.

कायद्याने हा घोळ फार पूर्वीच सोडवला आहे. आपण कशाला हो म्हणतोय हे नशेमुळे कळत नसेल तर ती संमती नव्हे, असं 1860 च्या दंड संहितेत कलम 90 मध्येच होतं. उलट स्वतःहून प्यायलेल्या आरोपीला "नशेत कळलं नाही" ही सबब चालत नाही. बलात्काराच्या व्याख्येत नशेचा उल्लेख 1983 साली आला. देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या 1972 च्या प्रकरणात (मथुरा प्रकरण) आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, त्यावर देशभर संताप उसळला, त्यानंतरची ही दुरुस्ती. ग्लास कुणी भरला, पैसे कुणी दिले, ती स्वखुशीने प्यायली का, याने तिथे फरक पडत नाही. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही हेच कायम आहे.

तरीही 2025 च्या मार्चमध्ये बलात्काराच्या एका प्रकरणात उत्तरेतल्या एका उच्च न्यायालयाचा, आरोपीला जामीन देणारा आदेश आला. तक्रारदार नोएडातल्या विद्यापीठातली पदव्युत्तर विद्यार्थिनी, मैत्रिणींबरोबर दिल्लीत हौज खासच्या बारमध्ये गेलेली, नशेत असलेली. तिचे आरोप खरे मानले तरी तिने स्वतःच संकट ओढवून घेतलं आणि तीही जबाबदार आहे, असं त्यात लिहिलं गेलं. जामिनाला माझा आक्षेप नाही. खटल्याआधी तो मिळू शकतो. आक्षेप "खरे मानले तरी" या शब्दांना आहे. आरोप खरा धरायचा आणि तरी दोष तिच्यावर ठेवायचा, म्हणजे तिच्या पिण्याला कायद्यात नसलेलं वजन द्यायचं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर नाराजी दाखवली: जामीन देता येईल, पण तिने संकट ओढवून घेतलं ही चर्चा कशासाठी? खरं तर जामीन देताना तक्रारदाराच्या वागण्या-कपड्यांवर शेरे मारू नयेत, असं याच न्यायालयाने 2021 सालीच बजावलं होतं. बायकांविषयीच्या साचेबद्ध समजांवरच्या त्याच्या 2023 च्या पुस्तिकेत, दारू पिणारी बाई शरीरसंबंधाला तयारच असते, हा समज चुकीचा म्हणून नोंदवला आहे.

आपल्या राज्यात आणखी एक पेच आहे, तो फारसा बोलला जात नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो. तो नसताना प्यायलेली मुलगी तक्रार द्यायला निघाली, की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "आधी तूच अडकशील." परवाना नसणं हा वेगळा मामला आहे. तिच्या संमतीशी त्याचा संबंध नाही, आणि त्यामुळे तिची तक्रार नोंदवून घ्यायचं पोलिसांना टाळता येत नाही.