व्हेक्टर चित्रण

व्हेक्टर चित्रण म्हणजे बिंदू, रेषा आणि वक्र यांच्या गणिती नोंदीवरून संगणकावर उभे केलेले चित्र. फोटो हा ठरावीक संख्येच्या रंगीत चौकोनांचा, म्हणजे पिक्सेलांचा बनलेला असतो. तो फार ताणला की चौकोन दिसू लागतात. फ्लेक्सच्या दुकानात याला ‘फोटो फाटला’ म्हणतात. व्हेक्टर फाइलमध्ये असे चौकोन साठवलेलेच नसतात. रेघ कुठून निघते, कुठे पोचते, वाटेत किती वळते, तिची जाडी किती आणि रंग कोणता, एवढेच तिथे लिहिलेले असते. जेवढ्या आकारात चित्र हवे तेवढ्या आकारात ते दर वेळी त्या नोंदीवरून नव्याने काढले जाते. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचे बोधचिन्ह इमारतीच्या भिंतीवरही तितकेच स्वच्छ उमटते. गणितात यासाठी ‘सदिश’ हा शब्द आहे, पण चित्रकार आणि छपाईवाले ‘व्हेक्टर’च म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द ठेवला आहे.

आकार वाढवण्याची ही सोय सगळ्यांच्या ओळखीची आहे. चित्र काढणाऱ्याला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कागदावर शाईची रेघ ओढली की ती वाळते आणि तशीच राहते. व्हेक्टरची रेघ कधीच वाळत नाही. सहा महिन्यांनी फाइल उघडून तोच बिंदू पकडता येतो, दोन मिलिमीटर डावीकडे सरकवता येतो आणि मोराची मान अधिक डौलदार करता येते. ग्राफिक डिझायनरचे या माध्यमातले बहुतेक प्रयोग याच सोयीतून निघाले आहेत.

वक्राची घडण

व्हेक्टर चित्राचा गाभा म्हणजे बेझिए वक्र. तो कसा बनतो हे कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. अ, ब, क, ड असे चार ठिपके कुठेही काढा आणि ओळीने जोडा; तीन रेषाखंड मिळतील. प्रत्येकाचा मध्य काढा. हे तीन मध्य जोडले की दोन रेषाखंड होतात. त्यांचेही मध्य काढून जोडा आणि उरलेल्या एका रेषाखंडाचा मध्य खूण करून ठेवा. हा शेवटचा बिंदू वक्रावरचा असतो. मध्याऐवजी सगळीकडे एक चतुर्थांश अंतर घेतले तर वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो, आणि असे करत करत सबंध वक्र उमटतो. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यांना जोडत जाते. इथे चारांतल्या अ आणि ड या दोनच ठिपक्यांवरून ती हमखास जाते. ब आणि क तिला लांबून आपल्याकडे ओढतात. संगणकाच्या पडद्यावर अ आणि ड यांना अँकर पॉइंट किंवा नोड म्हणतात, आणि ब व क ही त्यांची हँडल.

ही कृती पॉल द कास्तेल्जो या फ्रेंच गणितज्ञाची. १९५९ मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत काम करताना त्याने ती शोधली, पण कंपनीने ती बरीच वर्षे गुपित ठेवली. त्याच सुमारास रेनो कंपनीतला अभियंता पिएर बेझिए वेगळ्या वाटेने त्याच वक्रापर्यंत पोचला. त्याने १९६०च्या दशकात आपले काम प्रसिद्ध केले, म्हणून वक्राला नाव त्याचे पडले. दोघांचीही गरज एकच होती : मोटारीच्या पत्र्याचे वळण आकड्यांत पकडायचे, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येकाला तेच वळण मिळेल. आज चित्रकार ज्या रेघेने गालाची गोलाई काढतो ती मुळात मोटारीच्या बॉनेटसाठी जन्मली.

या वक्राला एक मर्यादा आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बेझिए वक्राने अचूक वर्तुळ काढताच येत नाही. चार तुकडे जोडून आणि हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट ठेवून वर्तुळाच्या अगदी जवळ जाता येते, इतकेच. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ही चूक पाव मिलिमीटरच्या आसपास येते. डोळ्याला ती दिसत नाही, त्यामुळे कामाचे काही अडत नाही.

नवशिक्या आणि मुरलेला चित्रकार यांच्यातला फरक कोयरी काढताना लगेच कळतो. नवशिका पेन टूल, म्हणजे बिंदू आणि हँडल टाकून वक्र काढण्याचे साधन, घेऊन काठाकाठाने टिचक्या मारत जातो आणि पंधरा-वीस बिंदू टाकतो; कोयरी होते, पण काठ थरथरल्यासारखा दिसतो. मुरलेला हात पाच बिंदूंत काम आटोपतो. वळलेल्या शेंड्यावर एक टोकदार बिंदू, पोटाचा सर्वांत डावीकडचा, सर्वांत खालचा आणि सर्वांत उजवीकडचा असे तीन, आणि मान वळते तिथे एक. कडेच्या तिन्ही बिंदूंची हँडल शिफ्ट दाबून सरळ उभी किंवा आडवी ठेवायची. मग सगळी कोयरी हँडलच्या लांबीवर पेलली जाते आणि काठ तेलाच्या धारेसारखा सलग होतो. अक्षरे घडवणारेही अशा कडेच्या जागी बिंदू ठेवण्याचा हा नियम पाळतात. बिंदू वाढवणे कुणालाही जमते. काढून टाकलेल्या बिंदूवाचून आकार टिकतो का, हे पाहणे हीच या माध्यमातली खरी तालीम.

साधनांची वाटचाल

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली केली. तिच्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेषा काढता येत आणि त्या समांतर किंवा लंब राहाव्यात अशी अटही घालता येई. पुढची मोठी पायरी छपाईच्या बाजूने आली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी ही कंपनी काढली, आणि १९८४ मध्ये त्यांची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पानाचे वर्णन करणारी भाषा आली. वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्वा या स्वतः ग्राफिक डिझायनर. रेषा हाताने गुळगुळीत करण्यात त्यांच्यासारख्या कलावंतांचा किती वेळ जातो हे घरातच दिसत होते. १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ॲडोबीचे ‘इलस्ट्रेटर’ हे चित्र काढण्याचे साधन आले आणि फ्रेंच कर्व्ह (वळणे आखायची पट्टी) व शाईचे पेन यांचे काम पेन टूलकडे गेले. सोबत एक व्हिडिओ कॅसेट दिली जाई. तिच्यात वॉर्नॉक स्वतः हे साधन वापरून दाखवतात. हँडल ओढून वक्र काढणे लोकांना इतके अनोळखी होते.

पाठोपाठ १९८८ मध्ये ‘फ्रीहँड’ आणि १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावाहून ‘कोरलड्रॉ’ आले. विंडोजवर चालणारे कोरलड्रॉ भारतातल्या डीटीपी केंद्रांत आणि छापखान्यांत घट्ट रुजले. २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘एसव्हीजी’ या व्हेक्टर फाइलच्या खुल्या स्वरूपाला मान्यता दिली आणि २००३ मध्ये ‘इंकस्केप’ हे मोफत साधन सुरू झाले. ज्याला परवान्याचे पैसे परवडत नाहीत त्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे हे माध्यम खुले झाले.

प्रयोगांच्या दिशा

व्हेक्टरमधले सगळ्यांत सुंदर प्रयोग स्वतःवर अट घालून केलेले असतात. ही वृत्ती संगणकाच्या आधीची. व्हिएन्नात समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराट आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्स यांनी आकडेवारी दाखवण्यासाठी साध्या सपाट आकृत्यांची चित्रभाषा घडवली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन डिझायनर ओट्ल आयशर यांनी खेळाडूंची चिन्हे काटकोन आणि ४५ अंशांच्या जाळीवर बसवली. हातपाय त्या जाळीबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, तरी पळणारा पळताना आणि पोहणारा पोहतानाच दिसला पाहिजे. व्हेक्टर चित्रकाराला हा वारसा आयता मिळाला. ट्विटरचे २०१२ मधले पक्षीचिन्ह एकमेकांवर चढवलेल्या वर्तुळांच्या कमानींतून कापले होते. चोच, पंख, पोट, कुठलेही वळण घ्या, ते कुठल्या तरी वर्तुळाचा भाग आहे. २०१५ मध्ये गूगलने आपले नाव साध्या भौमितिक अक्षरांत पुन्हा काढले, तेव्हा त्याची एक खास आवृत्ती अवघ्या ३०५ बाइटची झाली; आधीचे बोधचिन्ह सुमारे १४,००० बाइटचे होते. मंद इंटरनेटवर पान उघडणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक खरोखर मोठा आहे.

दुसरी दिशा पुनरावृत्तीची. पाकळीचा एकच आकार काढायचा आणि ३० अंशांनी फिरवत बारा वेळा ठेवायचा. ते बारा आकार मूळ आकाराशी बांधलेले ठेवले तर मूळ पाकळीचे एक हँडल ओढताच बाराही पाकळ्या एकदम बदलतात. जाळीची नक्षी, साडीच्या काठाचे नमुने, टाइल्स अशी कामे करताना माणूस तासन्‌तास नुसते हँडल ओढून पाहत बसतो. मनात नसलेले आकार अशा वेळी समोर येतात. चित्रकाराचे काम त्यातला कुठला ठेवायचा हे ओळखण्याचे.

याच्या अगदी उलट टोकाला हुबेहूब चित्रण आहे. इलस्ट्रेटरमधल्या ‘ग्रेडियंट मेश’मध्ये आकारावर जाळे पसरता येते आणि जाळ्याच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो, गाठींमधले रंग एकमेकांत विरघळतात. जपानचे युकिओ मियामोतो यांनी या जाळ्यातून फोटो वाटावा अशी चित्रे काढली. अमेरिकेचे बर्ट मनरॉय शिकागोतल्या एका रेल्वे स्थानकाच्या ‘डेमन’ या चित्रावर अकरा महिने काम करत होते. आकार मुख्यतः इलस्ट्रेटरमध्ये काढून त्यांनी ते फोटोशॉपमध्ये रंगवले आणि २००६ मध्ये चित्र पूर्ण केले. त्यांच्या चिकाटीपुढे मान लवते. तरीही व्हेक्टरचे स्वतःचे बोलणे थोड्या रेषांत अधिक ऐकू येते. जे फोटो दाखवतो तेच दाखवायला एवढे कष्ट घेतले की माध्यमाची ओळख पुसट होते.

तिसरा प्रयत्न हाताचा स्पर्श परत आणण्याचा. दाब ओळखणारी लेखणी, काठावर खडबडीत ब्रश, बोरूने लिहिलेले अक्षर स्कॅन करून त्याचे व्हेक्टर करणे, अशा अनेक युक्त्या आहेत. आपोआप ट्रेस करण्याची, म्हणजे चित्राच्या कडांवरून वक्र काढण्याची, आज्ञा दिली की संगणक काम काही क्षणांत करतो, पण शाईच्या प्रत्येक शिंतोड्याला बिंदू देऊन हजारो नोडांचा गुंता उभा करतो. चांगला डिझायनर तो ट्रेस खाली फिकट ठेवतो आणि वरून पेन टूलने अक्षर पुन्हा काढतो. बोरूचा कोन कुठे वळला हे तेव्हाच हाताला समजते.

२०१० नंतर सपाट रंगांची शैली सगळीकडे पसरली आणि तिच्यातून एक साचाही तयार झाला : लांबलचक हातपाय, इवलेसे डोके, जांभळी-निळी कातडी, हवेत तरंगणारी झाडे. २०१७ मध्ये फेसबुकसाठी केलेल्या ‘अलेग्रिया’ या चित्रमालेनंतर बँक, दवाखाना, शिकवणी, सगळ्यांच्या ॲपवर अशीच माणसे नाचू लागली. तयार चित्रांचे तुकडे जोडून पान भरणे स्वस्त पडते, हे त्यामागचे कारण. अशा चित्रांतला माणूस नेमका कुठल्या गावचा, काय काम करणारा, हे काहीच कळत नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

देवनागरी अक्षर आणि व्हेक्टर

संगणकावरचे प्रत्येक अक्षर हेही बेझिए वक्रांनी आखलेले चित्रच असते. कोल्हापूरचे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक (फॉन्ट) घडवला. असंख्य लोकांनी संगणकावर पहिले मराठी अक्षर पाहिले ते त्याच वळणात. जोशी मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत. त्याच केंद्रात संशोधन करणाऱ्या उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि दंड नसलेला रोमन ‘आर’ एकाच आकारात बसवून वर शिरोरेषा ओढण्याची कल्पना इतकी नेमकी आहे की नोटेपासून भाजीवाल्याच्या पाटीपर्यंत ते चिन्ह आज सहज काढले जाते.

शिरोरेषेमुळे देवनागरीत एक अडचण येते, रोमन लिपीत काम करणाऱ्याला ती माहीतही नसते. टंकातली अक्षरे शेजारी ठेवली की त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढतात. शब्द काळ्या रंगात असेपर्यंत सगळे ठीक दिसते. मात्र अक्षरांना बाहेरून सोनेरी कड दिली किंवा रंग अर्धपारदर्शक केला, की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उठते आणि ‘शुभविवाह’ हा शब्द तुकडे जोडल्यासारखा दिसतो. मग अक्षरांचे आकार करून ती ‘वेल्ड’ करावी लागतात, म्हणजे सबंध शब्दाचा एकच सलग बाह्याकार होतो.

छपाईच्या दुकानात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही छापखान्यात फाइल द्यायला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘कर्व्ह केलंय का?’ युनिकोड या सर्व लिपींच्या समान संकेतप्रणालीच्या आधीच्या मराठी टंकांतला मजकूर, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अक्षरांचे वक्रांत रूपांतर केले की हा धोका टळतो, कारण आता तो मजकूर उरत नाही, नुसती आकृती उरते. त्यामुळेच पत्रिका छापायला जाताना आजोबांच्या नावातली वेलांटी चुकल्याचे दिसले, तर कीबोर्डने ती सुधारत नाही. ऱ्हस्व वेलांटीचा आकार तोडायचा, उलटा फिरवून अक्षराच्या दुसऱ्या बाजूला बसवायचा, नवा दंड ओढायचा आणि शिरोरेषा पुन्हा सांधायची.

रेडियमच्या दुकानात व्हेक्टरची परीक्षा आणखी कडक होते. तिथे कटिंग प्लॉटर या स्टिकर कापणाऱ्या यंत्राचे पाते फाइलमधल्या वक्रावरूनच चालते. गाडीच्या काचेवर लावायची राजमुद्रा किंवा महाराजांचा बाजूने दिसणारा चेहरा कमी बिंदूंत नीट काढलेला असला, तर पाते एका दमात वळते आणि स्टिकर सलग सुटतो. आपोआप ट्रेस केलेली फाइल असली की दर नोडावर पाते अडखळते, काठ करवतीसारखा निघतो आणि दाढीच्या बारीक कोपऱ्यात व्हिनायल उचकटते. असे काम आले की जाणता कारागीर कापायला घेण्याआधी नोड निवडून एकेक काढत बसतो. हातात दोन फाइली ठेवणे हा या धंद्यातला रिवाज आहे : एक ‘ओपन’, जिच्यात अक्षरे टाइप करून बदलता येतात आणि आकार सुटे असतात, आणि दुसरी कर्व्ह केलेली, छापायला किंवा कापायला द्यायची. पहिली डिझायनर स्वतःकडे ठेवतो; पुढच्या वर्षी तारीख आणि मंडळाच्या अध्यक्षांचे नाव बदलायला तीच उघडली जाते.