लॉटरी लागलेला आणि पाय गेलेला सारखेच सुखी? छे!

तो फॉरवर्ड परत फिरतोय, लॉटरी लागलेला आणि मणक्याला मार लागून पाय गेलेला वर्षभरात सारखेच सुखी होतात म्हणे. असं काही नाहीये हो. १९७८ चा अमेरिकेतला स्टडी आहे, २२ लॉटरीवाले, २९ अपघातवाले, ० ते ५ मध्ये सुख विचारलं तर लॉटरीवाले ४, अपघातवाले २.९६, फरक चांगलाच आहे, फक्त लोक समजतात तेवढे ते खचलेले नव्हते. पण मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा जोक, यातली मजा विचारली तर अपघातवाले ३.४८ नि लॉटरीवाले ३.३३! आणि अपघाताला तेव्हा फार तर वर्ष झालेलं, एवढ्यात कुठे माणूस सावरतो? आपल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं गोल्ड आलं १९७२ ला.